निर्यात बंद केली की माल देशात स्वस्त होतो ना? मग अर्जेंटिनात उलटं कसं झालं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही, हौस म्हणून वाचतो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

सध्या अर्जेंटिनाच्या बीफ निर्यातबंदीबद्दल वाचतोय. मार्च २००६ मध्ये तिथल्या सरकारने १८० दिवस बीफची निर्यात बंद केली. कारण सरळ होतं, आदल्या वर्षी महागाई १२ टक्क्यांच्या वर गेलेली, आणि तेव्हा तिथे माणूस वर्षाला ६० किलोच्या वर बीफ खायचा, म्हणजे बीफ महागलं की सरकार हललं असा प्रकार. मला यात तेव्हा काही चुकीचं दिसलं नाही. माल बाहेर गेला नाही तर आतच राहणार, आत जास्त झाला की भाव उतरणार. शाळकरी पोरालाही कळेल.

पण पुढचे आकडे बघितले आणि डोकं चालेना. २००७ च्या आसपास त्यांच्याकडे साधारण ५ कोटी ८० लाख गुरं होती, २०११ पर्यंत ती ४ कोटी ८० लाखांवर आली. एक कोटी गुरं गायब! २००५ मध्ये साडेसात लाख टनांच्या आसपास निर्यात करणारा, जगात तिसऱ्या नंबरवरचा देश २०१२ मध्ये दोन लाख टनांच्या खाली. बरं निर्यात गेली तर गेली, निदान घरच्यांना तरी स्वस्त मिळायला हवं होतं, तर २०१० मध्ये भाव असे काही भडकले की लोकांनी खाणंच कमी केलं.

म्हणजे ज्याच्यासाठी केला अट्टाहास तेच हातचं गेलं. हे नेमकं कुठे फसलं? आणि हे फक्त गुरांचं आहे की धान्याचंही असंच होतं? अमेरिकेच्या सोयाबीनचंही काहीतरी असंच ऐकलंय, ते कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

बांधावरचा:
तुमचं गणित चुकलेलं नाही, फक्त ते बटाट्याचं गणित आहे आणि तुम्ही ते गाईला लावताय.

बटाटा एकदा काढला की तो विकायचाच, तो काही पुढच्या वर्षी चार पिल्लं देणार नाही. गाईचं तसं नाही. कळपातली एक कालवड घ्या, दहा महिन्यांची. मालकासमोर दोन रस्ते. आज ट्रकमध्ये चढवली तर ती मांस. ठेवली तर ती कारखाना, पुढची सात-आठ वर्षं वासरं देणारा. एकच जनावर, माल पण तेच आणि मशीन पण तेच. अख्खा घोळ इथे आहे.

आता भाव पडला, आणि नुसता पडला नाही तर मालकाला दिसतंय की सरकार पुढेही भाव वर जाऊ देणार नाही, तर तो काय करेल? उद्याच्या वासराला किंमतच नसेल तर आज कालवड पोसून काय करायचंय. तो ती विकतो. नुसती कालवड नाही, थोडी वय झालेली पण अजून विणारी गाय पण विकतो. सगळ्यांनी एकदम हेच केलं की बाजारात मांस वाढतं, भाव अजून पडतो, आणि शहरात सरकार सांगतं बघा आमचं धोरण यशस्वी. २००६ ते २००९ हेच चाललं. २००९ ला तर कत्तलीला गेलेल्या जनावरांत मादी जवळपास निम्म्या होत्या. या धंद्यातले लोक पहिल्यांदा हाच आकडा बघतात. माद्यांचं प्रमाण असं निम्म्याकडे सरकलं की समजायचं कळप मोडायला काढलाय, एकूण किती टन मांस निघालं त्याला काही अर्थ नाही.

मग एक दिवस कळतं की वासरंच कमी आहेत. भाव उसळतो. आणि इथे गंमत बघा, भाव उसळला की मालकाला वाटतं आता धंद्यात दम आहे, कालवडी ठेवूया. म्हणजे तो बाजारात अजूनच कमी जनावरं आणतो! भाव वाढला की पुरवठा घटतो, पुस्तकातल्या रेषेच्या बरोब्बर उलट. आज ठेवलेली कालवड सव्वा वर्षाची झाल्याशिवाय भरवायची नाही, मोकळ्या कुरणावर तर दोन वर्षांची होईपर्यंत थांबतात, मग नऊ महिने गाभण, मग वासरू, ते वासरू दीड-दोन वर्षं वाढणार तेव्हा कुठे त्याचं मांस बाजारात. म्हणजे निर्णय आज आणि माल तीन-चार वर्षांनी. डुकरांचं चक्र याहून लहान असतं, कोंबड्यांचं तर काही महिन्यांचं, म्हणून तिकडे असली धोरणं चुकली तरी लवकर निस्तरता येतात. गाईचं चक्र सरासरी दहा वर्षांचं, आणि सरकारं बसतात चार-पाच वर्षांसाठी. मोडणारा एक आणि भोगणारा दुसरा.

आणि १८० दिवस हे नावाला. आदल्या नोव्हेंबरातच बीफवरचं निर्यात शुल्क ५ वरून १५ टक्के केलं होतं, बंदी उठली तरी कोटा आणि परवाने राहिले, ते थेट डिसेंबर २०१५ मध्ये सरकार बदलल्यावर गेले. बंदी सहा महिन्यांची होती पण तिची भीती नऊ वर्षं पुरली. कालवड ठेवायची का हे मालक आजचा भाव बघून नाही ठरवत, चार वर्षांनंतर दार उघडं असेल का हे बघून ठरवतो.

चुलीतला_निखारा:
म्हणजे २००७-०८ ला लोक जे स्वस्त बीफ खात होते ते उत्पन्न नव्हतं, भांडवल होतं. बियाणं दळून भाकरी केली म्हणायचं.

बांधावरचा:
@चुलीतला_निखारा अगदी. आणि भाकरी गोड लागत होती तोपर्यंत कोणी विचारलं नाही हे पीठ कशाचं.

आकडेमोड्या:
बांधावरचा यांचं कालवडीचं गणित पटलं, पण सगळं खापर बंदीवर फोडू नका राव. दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, दुष्काळ. २००८-०९ चा दुष्काळ पंपासच्या भागात, म्हणजे तिथल्या सुपीक गवताळ मैदानात, फार वाईट होता, कुरणं करपली, चारा नाही म्हणून लोकांनी मिळेल त्या भावाला जनावरं काढली. बंदी नसती तरी त्या वर्षी कळप घटलाच असता. फरक एवढाच की भाव चांगले असते तर पाऊस पडल्यावर लोकांनी परत कालवडी धरल्या असत्या.

दुसरी आणि माझ्या मते मोठी गोष्ट, सोयाबीन. पंपासची जमीन जगातल्या उत्तम जमिनींपैकी, तिच्यावर गवत पण येतं आणि सोयाबीन पण. त्या काळात चीनची मागणी वाढत होती, सोयाबीनला भाव होता, आणि सोयाबीन अर्जेंटिनात फारसं कोणी खात नाही, त्यामुळे सरकार त्याच्यावर कर लावतं, बंद करत नाही. मालकाने काय करावं? एका बाजूला गुरं, ज्यांची निर्यात कधी बंद होईल सांगता येत नाही, चार वर्षं पैसे अडकलेले. दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांत हातात येणारं पीक, कर भरा पण बंदर उघडं आहे. लोकांनी कुरणं नांगरली. गुरं उरलीच तर कमी प्रतीच्या जमिनीवर उत्तरेकडे ढकलली नाहीतर फीडलॉटमध्ये, म्हणजे चरायला न सोडता दाणा घालून पोसायच्या वाड्यात, कोंबली. एकदा कुरण नांगरलं, कुंपणं काढली, गुराखी शहरात गेला, की मग भाव सुधारले म्हणून उद्या सकाळी गुरं परत येत नाहीत.

आता करांचं. हे लोकांना कळत नाही म्हणून थोडं लांबड लावतो. निर्यात शुल्क सरकारला इतकं आवडतं कारण वसूल करायला बंदरावर चार माणसं पुरतात, लाख शेतकऱ्यांच्या मागे फिरायला नको. अर्जेंटिनात तर अजून एक सोय, हा पैसा प्रांतांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, सगळा केंद्राचा. मार्च २००८ मध्ये त्यांनी सोयाबीनवर सरकता कर आणला, जागतिक भाव जितका वर तितका टक्का जास्त, ठराव क्रमांक १२५ म्हणून प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांनी चार महिने रस्ते अडवले. प्रकरण सिनेटमध्ये गेलं, मतं ३६-३६ अशी समसमान, आणि निर्णायक मत उपाध्यक्षांचं, सरकारचेच उपाध्यक्ष हुलिओ कोबोस, त्यांनी पहाटे सरकारच्या विरोधात मत दिलं. शेतीच्या करावरून असं नाट्य दुसरीकडे कुठे झालेलं मला तरी आठवत नाही.

आणि शुल्क हा दिसणारा कर झाला. न दिसणारा म्हणजे डॉलरचा भाव. देशात दोन भाव असले, सरकारी कमी आणि बाजारातला जास्त, तर निर्यातदाराला त्याचे डॉलर सरकारी भावाने मोडावे लागतात, खत आणि औषधं मात्र बाजाराच्या हिशोबाने महागतात. २०२२ च्या आसपास कागदावर ३३ टक्के शुल्क होतं, प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त भाव मधल्यामध्ये जायचा. म्हणून तिथला शेतकरी तेव्हा सोयाबीन विकतच नव्हता. पांढऱ्या प्लास्टिकच्या लांबलचक पिशव्या असतात, सिलोबोल्सा म्हणतात, एकेकीत दोनेकशे टन मावतं, त्या शेतातच आडव्या पडलेल्या दिसतात. तीच त्याची बँक. पेसो, म्हणजे तिथलं चलन, घसरला तरी सोयाबीन डॉलरमध्येच. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारला परकीय चलन इतकं कमी पडलं की फक्त सोयाबीन विकणाऱ्यांसाठी २०० पेसोचा वेगळा डॉलर काढला, तेव्हा कुठे पिशव्या फुटल्या.

मायमराठी_७२:
मला एक कळत नाही, निर्यात म्हणजे काय अख्खी गाय जहाजात जाते का? बाहेरचे लोक आणि तिथले लोक एकच मांस खातात का? कारण तसं नसेल तर बंदी घालून नेमकं काय वाचवलं?

बांधावरचा:
@मायमराठी_७२ लाख मोलाचा प्रश्न.

नाही, एकच नाही खात. जनावर कापलं की त्याचे वीस-पंचवीस वेगळे माल होतात आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. युरोपला पाठीचे मऊ भाग हवे असतात, तिथे हिल्टन कोटा नावाचा प्रकार आहे, कमी शुल्कात ठराविक उत्तम दर्जाचं मांस पाठवायचा हक्क, अर्जेंटिनाचा वाटा तेव्हा २८ हजार टनांचा होता. अर्जेंटिनातला माणूस रविवारी निखाऱ्यावर भाजतो त्या बरगड्या. महाग भाग बाहेर महाग विकला जातो म्हणून खाटीकखान्याला बरगड्या घरी स्वस्त देणं परवडतं. बाहेरचं गिऱ्हाईक तोडलं की तो सगळा बोजा बरगड्यांवर येतो, नाहीतर जनावराच्या भावातून कापला जातो. २००६ च्या बंदीतून हिल्टनला सूट होती, तरी नंतर परवान्यांच्या गोंधळात कित्येक वर्षं तो कोटाच पूर्ण भरला गेला नाही. जगातलं सगळ्यात भाव देणारं गिऱ्हाईक दारात उभं आणि द्यायला माल नाही.

मे २०२१ ला नव्या सरकारने परत ३० दिवसांची बंदी घातली तेव्हा तर अजून विचित्र, तोवर बरीचशी निर्यात चीनला होत होती आणि त्यात मोठा वाटा भाकड म्हाताऱ्या गाईंच्या मांसाचा, जे अर्जेंटिनात कोणी ताटात घेत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रानफूल:
सोयाबीनबद्दल विचारलं होतं त्याच्यावर लिहिते, माझा आवडता विषय आहे आणि घरी कोणी ऐकत नाही.

१९७२ ला एल निन्योमुळे पेरूच्या किनाऱ्यावरचे अँकोव्ही मासे गेले. तुम्ही म्हणाल मासे आणि सोयाबीनचा काय संबंध, तर त्या माशांची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. ती संपली आणि सगळे प्रथिनासाठी सोयाबीनकडे वळले. त्याच वर्षी सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला. १९७३ च्या जूनमध्ये सोयाबीन बुशेलला (तिकडचं धान्याचं माप) १२ डॉलरपर्यंत, अमेरिकेत मांसाच्या भावावरून ओरड, आणि निक्सन सरकारने २७ जूनला सोयाबीनची निर्यात थांबवली. काही दिवसांतच पूर्ण बंदीच्या जागी परवाने आले आणि शरद ऋतूपर्यंत तेही गेले. सगळा मिळून एका उन्हाळ्याचा खेळ.

पण जपानचं धाबं दणाणलं. त्यांचं टोफू, मिसो, सोया सॉस, आणि जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेचं. त्यांनी ठरवलं, परत एकाच दुकानावर विसंबायचं नाही. ब्राझीलबरोबर बोलणी झाली आणि १९७९ पासून सेराडो नावाच्या पठारी प्रदेशात जपानी पैशाने शेती विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. ही जमीन आधी बिनकामाची समजली जायची, माती आंबट, ॲल्युमिनियम जास्त. एम्ब्रापा ही तिथली सरकारी संशोधन संस्था, स्थापना पण नेमकी १९७३ ची. चुना घालून माती सुधारली आणि कमी अक्षांशावर, दिवस फारसा लहानमोठा होत नाही तिथेही येतील असे सोयाबीनचे वाण काढले. आज सोयाबीनच्या उत्पादनातही आणि निर्यातीतही ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ते निक्सनच्या बंदीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. ब्राझील सरकारला आतला भाग वसवायचाच होता, चीनची मागणी तर फार नंतर आली. पण तुमचं गिऱ्हाईक तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या जमिनीत चुना घालायला स्वतःचे पैसे द्यायला तयार होतं, याच्याहून वाईट जाहिरात काय असणार.

त्यातून काही शिकले का? जानेवारी १९८० मध्ये रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसवलं म्हणून अमेरिकेच्या कार्टर सरकारने सोव्हिएत संघाला जाणारं १ कोटी ७० लाख टन धान्य अडवलं. अर्जेंटिनाने जास्त भाव लावून तिथे विकलं. एप्रिल १९८१ ला रेगननी बंदी उठवली तोवर रशियाने दुसरीकडे करार करून टाकलेले.

२०१८ ला उलटं झालं, या वेळी दार गिऱ्हाइकाने लावलं. अमेरिकेने शुल्क लावलं म्हणून ६ जुलै २०१८ ला चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावलं. २०१७ ला १२ अब्ज डॉलरच्या वर असलेली चीनला होणारी विक्री २०१८ ला ३ अब्जांवर आली. शिकागोच्या वायदेबाजारातला भाव बुशेलला १० डॉलरच्या वरून साडेआठच्या खाली, आणि ब्राझीलच्या बंदरावर त्याच सोयाबीनला शिकागोपेक्षा दोन डॉलरच्या वर जास्त. दाणा तोच, पासपोर्ट वेगळा.

सगळ्या अमेरिकी शेतकऱ्यांना सारखा फटका बसला असंही नाही. नॉर्थ डकोटाचं सोयाबीन रेल्वेने पश्चिम किनाऱ्यावर आणि तिथून सरळ चीनला जायचं, आजूबाजूला तेल काढणारे कारखाने तेव्हा फारसे नव्हते. चीन बंद म्हणजे तिथला खरेदीदारच गेला. आयोवात डुकरं आहेत, तेलाचे कारखाने आहेत, मका-सोयाबीन गावातच खपतं, तिथे भाव पडला पण गिऱ्हाईक होतं. म्हणून बातमीत शिकागोचा भाव वाचून शेतकऱ्याला काय मिळालं ते कळत नाही, त्याच्या गावच्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेणाऱ्या कोठारावर, शिकागोपेक्षा किती कमी देतात ते बघायचं, त्याला बेसिस म्हणतात, आणि खरा मार तिथे बसतो. सरकारने भरपाई जाहीर केली, आधी १२ अब्जांची आणि २०१९ ला आणखी १६ अब्जांची.

पाऊलवाट:
बापरे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. @रानफूल तुम्ही लिहा, इथे ऐकतोय आम्ही.

एक उपप्रश्न. हजार-दोन हजार एकरवाले, वर इतकी भरपाई, तरी तिथले शेतकरी हातात काही उरत नाही म्हणतात. रडगाणं आहे की खरंच?

आकडेमोड्या:
दोन्ही. थोडं रडगाणं, थोडं खरं.

निम्म्याहून जास्त शेती तिथे खंडाने केलेली असते असं धरा मोठ्या धान्यपट्ट्यात. भाव चढला की पहिल्या वर्षी शेतकरी कमावतो, दुसऱ्या वर्षी जमीनमालक खंड वाढवतो, तिसऱ्या वर्षी शेजारी त्याहून जास्त खंड देऊन जमीन उचलतो. नफा सगळा झिरपत झिरपत जमिनीच्या किमतीत जातो. अनुदानाचंही तेच. आणि भाव पडला की खंड तितक्या वेगाने पडत नाही. विलार्ड कॉक्रेन म्हणून अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी १९५८ मध्ये याला ट्रेडमिल म्हटलं, नवीन यंत्र किंवा वाण पहिल्यांदा घेणारा कमावतो, मग सगळे घेतात, उत्पादन वाढतं, भाव पडतो, आता जो घेत नाही तो मरतो आणि जो घेतो तो आहे तिथेच. पळायचं, पण जागेवर.

न्यूझीलंडने हे उलट्या बाजूने दाखवलं. १९८४ मध्ये त्यांनी शेतीची अनुदानं जवळजवळ एका झटक्यात काढली. मेंढपाळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग, ४० टक्क्यांच्या आसपास, तोच होता. पहिली गोष्ट काय पडली? जमिनीची किंमत. कर्ज काढून चढ्या भावात जमीन घेतलेले तरुण भरडले गेले, वर व्याजदर पण तेव्हाच चढले. ८,००० शेतकरी जमीन सोडतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात जबरदस्तीने विकावी लागली अशा साधारण ८००, म्हणजे एक टक्का. मेंढ्या ७ कोटींवरून आता अडीच कोटींच्या आसपास, त्यांची जागा दुधाने आणि जंगलाने घेतली. लोकांनी अनुदानासाठी पाळलेल्या मेंढ्या काढल्या आणि विकतील त्याच ठेवल्या. मला ते यश वाटतं, माझ्या एका मित्राला ती क्रूरता वाटते, आमची यावर दहा वर्षं चर्चा चालू आहे.

धुकं:
सगळं वाचलं, माहिती उत्तम, पण इथे सगळे उत्पादकाच्या बाजूने बोलताय. २००८ चा तांदूळ आठवा. जगात पिकणाऱ्या तांदळाचा फार थोडा भाग, तेव्हा साधारण सात टक्के, सीमा ओलांडायचा, बाकीचा पिकायचा तिथेच खाल्ला जायचा. इतक्या पातळ बाजारात भारत आणि व्हिएतनामने निर्यात आवळली, फिलिपिन्स घाबरून मिळेल त्या भावाला टेंडर काढत सुटलं, आणि काही महिन्यांत थाई तांदूळ टनाला ४०० डॉलरच्या खालून १,००० च्या आसपास. पीक कुठेही बुडालं नव्हतं! जपानकडे आयात केलेल्या तांदळाचा साठा पडून होता, तो बाहेर काढणार एवढी बातमी आली तरी भाव उतरायला लागले. म्हणजे बंदी वाईट हे मान्यच. पण ज्या सरकारच्या देशात लोक पगारातला अर्धा पैसा धान्यावर घालवतात त्याने शेजारी दार लावत असताना आपलं उघडं ठेवायचं? गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम ११ मध्ये सुद्धा अन्नटंचाईत तात्पुरत्या निर्यातबंदीला सूट ठेवलीय, ती काही उगाच नाही. भुकेल्या माणसाला कालवडीचं चक्र समजावून पोट भरत नाही.

बांधावरचा:
@धुकं रास्त आहे. माझा आक्षेप दार लावण्याला कमी आणि ते कधी लावाल कधी उघडाल हे कोणालाच न कळण्याला जास्त आहे. गरिबाला हातात पैसे द्या, बीफ खाणाऱ्या श्रीमंतालाही स्वस्त कशाला? बंदीत सगळ्यात जास्त सूट त्यालाच मिळते जो सगळ्यात जास्त खातो. पण पैसे द्यायला तिजोरी लागते आणि बंदीला फक्त एक सही, हेही खरं. तांदळात तुमचा मुद्दा जास्त वजनदार आहे, तिथे पुढचं पीक चार-सहा महिन्यांवर असतं.

चुलीतला_निखारा:
एक शेवटचं विचारतो, विषय निघालाच आहे तर. अमेरिकेत आत्ता बीफ महाग झालंय म्हणतात, तिथे तर कोणी निर्यातबंदी घातली नाही. ते का?

बांधावरचा:
दुष्काळ. पश्चिमेकडे आणि मैदानी राज्यांत लागोपाठ वर्षं कोरडी गेली, चारा महाग, लोकांनी गाई-कालवडी काढल्या. १ जानेवारी २०२५ च्या मोजणीत ८ कोटी ६७ लाख जनावरं, १९५१ नंतर सगळ्यात कमी. त्यात मेक्सिकोतून येणारी वासरं स्क्रूवर्म माशीच्या भीतीने सीमेवर थांबवली, ती माशी जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात, त्यामुळे तिथे कोणी धोका पत्करत नाही. बंदी नसताना पण चक्र तेच, कारण वेगळं.

पाऊलवाट:
मग भाव उतरणार कधी?

बांधावरचा:
जानेवारीच्या मोजणीत एक ओळ असते, गाई बदलण्यासाठी राखून ठेवलेल्या कालवडी. तो आकडा वाढायला लागला की भाव आधी अजून चढेल, आणि तिथून पुढे तीन वर्षं मोजा.

चुलीतला_निखारा:
तोवर डाळ.